कोर्टाचा कागद

फोमच्या रसायनांचे भाव चार कंपन्यांनी संगनमताने चढवले आणि अमेरिकेतल्या टुपेलो गावातला नोरीनच्या नवऱ्याचा सोफ्यांचा कारखाना बुडाला. त्या धसक्यानेच तो गेला. आता सगळ्या कारखानदारांनी मिळून केलेल्या दाव्याचा कागद आला, तेव्हा तिने शेजारच्या डेलबर्टला बोलावलं. तो फोमच्या रसायनांच्याच धंद्यातून निवृत्त झालेला. तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदाही त्यानेच दिलेला.

"माझ्याच्यानं वाचवत नाही रे. भाव ठरवायला कोण कोण जमायचे, तेवढं वाच."

डेलबर्ट नावं वाचू लागला. चौथ्या नावाशी तो थांबला. ते गाळून त्याने पाचवं वाचलं.

नोरीनने कागद त्याच्या हातातून काढून घेतला.


"चौथं तुझं होतं, डेलबर्ट. निदान तेवढं तरी वाचशील, असं वाटलं होतं मला."