पांढराशुभ्र चेहरा

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर अबुधाबीच्या एका म्युझियममध्ये उभे आहात. समोर अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका युरोपियन उमराव बाईचं चित्र आहे.

“व्हाय इज शी सो व्हाइट?” आठ वर्षांच्या ईशानीनं विचारलं.

“या बायका तोंडाला शिशापासून केलेली पांढरी भुकटी फासायच्या,” टीचर म्हणाल्या. “गोऱ्या दिसायच्या, पण ते विष हळूहळू अंगात भिनायचं.”

ईशानीला आठवलं, सकाळीच आईनं बिनलेबलच्या डबीतलं क्रीम तिच्या गालांना चोळलं होतं. “संध्याकाळी बेबीच्या बारशाला लोक येतील, जरा उजळ दिस गं!”



स्वतःचे गाल पुसायचंही न सुचता तिनं टीचरचा फोन मागितला आणि रडत ओरडली, “ममा, प्लीज! बेबीला ते क्रीम लावू नको!”