ठमामावशीच्या हातचे सोडे

'रेवसच्या ठमामावशीने स्वतः सोलून वाळवलेले सोडे' असं छापून मितेश ऑनलाइन पाकिटं विकायचा. माल मात्र तो बाहेरून पोत्याने मागवायचा. मावशीचा त्यात फक्त फोटो होता, गेल्या वर्षी ती दारात कोलंबी सोलत बसली असताना काढलेला. एका गिऱ्हाइकाने फसवणुकीची तक्रार केली आणि नोटीस आली.

वकील म्हणाले, "सोडे मीच करते, असं त्या बाईने लिहून दिलं तर सुटाल."

मितेश तयार कागद आणि शाईचं पॅड घेऊन मावशीकडे गेला.

"वाचून दाव," मावशी म्हणाली.

"माझा फोटो पाकिटावर छापायला माझी हरकत नाही," मितेशने कागदावर नजर ठेवून वाचलं. कागदावर असं काहीच नव्हतं.

मावशीने अंगठा उठवला. शाई लुगड्याला पुसत ती आत गेली आणि एक डबा घेऊन आली. डबा सोड्यांनी काठोकाठ भरला होता.

"तुज्या पाकिटावर काय लिवलंय, ते नातीनं कवाच वाचून दावलंय मला. तवापासून रोज थोडं थोडं सोलून ठेवतेय. म्हटलं, न्यायला येशील."

मितेशचा हात पुढे होईना.

मावशीच ओशाळली. डबा त्याच्यासमोर ठेवत हळूच म्हणाली, "तुजी पाकिटं लय खपतात म्हणं. माज्याच्यानं एवढंच झालं, बाबा."