काळीपिवळी

भंगारात घालण्याआधी मुख्तारनं आपली काळीपिवळी जीप थेट लडाखच्या सतरा हजार फुटांवर आणली होती. पुढं दरड कोसळून जेमतेम जीपभर वाट उरलेली, उजवीकडं दरी. नव्याकोऱ्या गाडीतले दोघं तिथूनच परतत होते. "चाचा, ये टॅक्सी स्टँड नहीं है," एकजण हसला. मुख्तारनं दार उघडून अर्धं अंग दरीकडं काढलं. वेरूळच्या रस्त्यावर पुढच्या सीटवर चौघं कोंबून वीस वर्षं त्यानं ती अशीच लटकून चालवलेली. "अरे, आता आपण दोघंच," शेजारी बसलेला दोस्त सांडू म्हणाला, "आत सरक की." "सरकलो तर चाक दिसत नाय." चाकाखालून दगड सुटत राहिले, जीप धापा टाकत पार झाली. मागं ते दोघं अजून बघत उभे होते. मुख्तारनं दारावर थाप मारून हाळी दिली, "वेरूळ, वेरूळ... दोनच सीट बाकी."