तीसचे अठ्ठावीस

"अठ्ठावीस!" ट्रूडी ओरडली. "परत अठ्ठावीसच!"

शंभर यार्डांवरच्या फळीवर माणसाएवढा उंच कागद ठोकला होता आणि त्यावर ओळंबा धरून एकच उभी रेघ मारली होती. रेघेच्या खालच्या टोकाशी असलेल्या ठिपक्यावर तीन गोळ्या मारायच्या. मग रायफलीवरच्या दुर्बिणीची नेम वर-खाली करणारी फिरकी तीस इंचांनी चढवायची आणि त्याच ठिपक्यावर नेम धरून आणखी तीन. नवी भोकं रेघेवर बरोबर तीस इंच वर पडली पाहिजेत. ट्रूडीची अठ्ठावीसवर पडली होती. तिने सगळा खेळ तीनदा केला, आणि तिन्ही वेळा भोकं एकमेकांना इतकी खेटून की एका नाण्याखाली झाकावीत.

म्हणजे ती दचकत नव्हती!

गेले चार शनिवार तीनशे यार्डांवर तिची एकही गोळी निशाणाच्या पत्र्याला लागली नव्हती. सगळ्या वीतभर खाली. आणि चारही शनिवार कोच हॉफर मागे उभे राहून मायेने म्हणाले होते, "चाप ओढताना तू दचकतेस, पोरी. दुर्बिणीला काही झालेलं नाही." मग हे सगळ्या क्लबालाच कळलं. ट्रूडी दिसली की वेस्ली कागदी पिशवी फुगवून फाडकन फोडायचा. आज दुपारी ज्युनिअर संघातली शेवटची जागा ठरायची होती. काल रात्रभर ट्रूडी गादीवर पडून न दचकण्याचा सराव करत होती.

"बघू ती दुर्बीण," वांडा म्हणाली. मैदानाची सगळी देखभाल वांडाकडे होती. तिने मोजपट्टी गळ्यात टाकली, भिंगाचं झाकण उघडलं आणि थबकली. "ही तर व्हर्न हॉफरची!"

"आता माझी आहे. दुकानात मी दुसरीच हातात घेतली होती. साधी, दहापट मोठं दाखवणारी, नवी कोरी. कोच म्हणाले, ती काय कामाची? त्याच पैशांत माझी घे, ओळंब्यासारखी सरळ चढते."

"आणि पट्टी?"

"कसली पट्टी?"

वांडाने झाकणाच्या आत नख फिरवलं. तिथे डिंकाचा एक चौकोन होता, धूळ चिकटून काळा पडलेला.

"स्वस्तातली दुर्बीण थोडं खोटं बोलतेच," वांडा म्हणाली. "त्यात लाज कसली? रोज तेवढंच बोलली की झालं. एप्रिल आला की मी सगळ्यांच्या दुर्बिणी ह्या कागदावर तपासते, जी जेवढं खोटं बोलेल तेवढं पट्टीवर लिहिते आणि झाकणात चिकटवते. विकायची तर पट्टीसकट विकायची. आपल्या क्लबात तीस वर्षं असंच चालतं. हिची पट्टी मीच लिहिली होती. तीस मागितले की अठ्ठावीस देते."

ट्रूडीने झाकण लावलं आणि ती तरातरा कोचकडे निघाली. वांडा मागोमाग.

कोच बाकावर बसून हॅम सँडविच खात होते. ट्रूडी समोर जाऊन उभी राहिली.

"पट्टी कुठंय, कोच?"

त्यांनी आधी वांडाकडे बघितलं, मग सँडविचकडे. "जुनी झाली होती गं."

"काढलीत?"

"ती बघून घेतली असतीस का तू?"

"घेतली असती की! गुणाकार करून फिरकी लावली असती. गणितात अठ्ठ्याण्णव आहेत मला." तिचा आवाज अजून ठीक होता. "पण मग मी दचकते म्हणून कशाला सांगितलंत?"

कोचनी घास गिळला. "पहिल्या शनिवारी सांगणार होतो. राहून गेलं. मग दर आठवड्याला जास्तच अवघड होत गेलं."

त्यांची रायफल शेजारी टेकवलेली होती. तिच्यावर दुर्बीण होती साधी, दहापट, नवी कोरी.

"छान आहे," ट्रूडी म्हणाली. "कामाची नाही ना?"

दुपारी ती तीनशे यार्डांच्या रेघेवर पालथी पडली. मनगटावर पेनाने आकडे लिहिले होते. प्रत्येक ज्युनिअरच्या शेजारी एक मोठं माणूस वारा सांगायला असावं लागे, असा नियमच होता. तिच्या कागदपत्रांवर पहिल्या दिवसापासून नाव होतं हॉफर. ते आले, गुडघे मोडत शेजारी आडवे झाले आणि त्यांनी आपल्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला.

टण्ण. पत्रा दूरवर हलला. टण्ण. टण्ण. मागे वेस्लीने फुगवलेली पिशवी हळूच खिशात कोंबली. टण्ण.

चार झाल्या. पाचवी लागली की जागा तिची.

"वारा वाढलाय," कोच कुजबुजले. "डावीकडून. आडव्या फिरकीचे चार टक घे."

एरवी त्यांचं वाक्य संपायच्या आत तिची बोटं फिरकीवर असायची. आज ट्रूडीने गाल दस्त्यावरून उचलला आणि मान वर करून मैदानातल्या गवताकडे बघितलं.

गवत डावीकडून उजवीकडे झुकलं होतं, चार टकांइतकंच. कोच खरंच सांगत होते.

तिने पुन्हा एकदा बघितलं.