हिरवा ठिपका

“काकू, डोळ्याच्या आतला तिसरा फोटोही काळाच आला!” रक्तातल्या साखरेनं डोळ्यांचा पडदा कसा खराब होतो, यावर संशोधन करणारी डॉक्टर रझिया कॅमेऱ्यामागून वैतागली. “हिरवा ठिपका दिसला की डोळे का मिटता?”

मी ओशाळले. “अगं, उजेड समोर आला की हात जुळतात, डोळे आपोआप मिटतात. रोज देवापुढं तसंच ना.”

“मग देवाला बघता कधी?” ती हसली.

डाव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागल्यापासून जीव नुसता वरखाली होत होता. पदर मुठीत आवळून मी डोळे उघडे ठेवले. लख्ख उजेड आला.

रझियाचं हसू मावळलं. “काकू, आत रक्त झिरपतंय. पण नजर वाचेल, आजच लेझर करू. आता मिटा डोळे.”

माझ्याच्यानं मिटवेनात.