आधी बोल, मग फासा

“सतरा,” तो फाशाकडे बोट दाखवून म्हणाला. “म्हणजे पहारेकरी मला आत सोडतो.”

“त्याला बोललास काय?” काकूंनी विचारलं.

तो गडबडला. “काही नाही... म्हणजे, माझ्या पात्राचं वक्तृत्व भरपूर आहे. वर फासा सतरा. नियमाप्रमाणे जमलं.”

“फासा बोलत नाही.”

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर किल्ल्याचा नकाशा पसरला होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले होते. हॉस्टेलच्या दिवसांतला हा खेळ लेकीने माळ्यावरून काढला होता. खेळणाऱ्यांनी एकेक पात्र घ्यायचं, सूत्रधाराने गोष्ट पुढे न्यायची, आणि कोणाला काय जमलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. लेक तिरंदाज झाली. तिच्या ऑफिसातला हा नवा मुलगा राजदूत झाला. सूत्रधार काकू.

“मुलगा चांगला आहे गं,” लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं. “फक्त चारचौघांत तोंड उघडत नाही. जरा सांभाळून घे.”

काकूंनी मान डोलावली होती. एरवी परक्या माणसांचा त्यांना कंटाळा. गेल्या वर्षी लेकीने मदतीला म्हणून आणलेल्या तिघीजणींना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं. पण ज्याला बोलता येत नाही, त्याची गोष्ट वेगळी. काकूंची सगळी नोकरी रेल्वे स्टेशनवर माइकपुढे गेली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर येणार, हे सगळं गाव त्यांच्या आवाजात ऐकत आलं होतं. आता मात्र त्या शब्द जपून वापरत. फोन लेकीला घ्यायला लावत. कोणी छेडलंच, तर ‘आयुष्यभर बोलले, आता पुरे’ अशा अर्थाचा हात हलवत.

पुढच्या रविवारी राजदूत भांडायच्या तयारीनेच आला.

“काकू, ही बाण मारते तेव्हा तुम्ही तिला म्हणता का, ऊठ, धनुष्य ताणून दाखव? नाही ना? ती फासा टाकते, बाण लागतो. मग मलाच का बोलून दाखवायचं? मला बोलता येत नाही, म्हणून तर खेळात बोलका झालो!”

“आई, मुद्दा आहे हां,” लेक बिस्किट चावत म्हणाली.

मुद्दा होता खरा. काकूंनी तो आठवडाभर डोक्यात घोळवला. कपड्यांच्या घड्या करताना घोळवला, झाडांना पाणी घालताना घोळवला. रविवारी डाव्या हाताने फासा त्याच्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, “बाण... इथे दिसत नाही. बोलणं... इथेच ऐकू येतं. ते का सोडायचं?” त्या जरा थांबल्या. “आधी बोल. मग फासा. चांगलं बोललास तर... दोन जास्त.”

“आणि वाईट बोललो तर?”

“तरी एक जास्त. तोंड उघडल्याचा.”

तोंड उघडणं काही सोपं नव्हतं. नावाड्यापुढे राजदूत दोन शब्दांतच अडला. “काकू, यावर नावाडी काय म्हणेल?”

काकूंना नावाडी व्हावं लागलं. “होडी माझी! तू कोण रे... टिकोजीराव?”

“आणि माझ्या जागी तुम्ही असता तर?”

मग राजदूतही काकूच.

“परत एकदा म्हणा ना,” तो अजिजीने म्हणायचा. “सावकाश. मला पकडता येत नाही.”

काकू परत म्हणत, सावकाश. कधी कधी तिसऱ्यांदाही. पाऊस आला, गेला, थंडी पडली. गोष्टीत व्यापारी आले, दरोडेखोर आले, एक बहिरा पुजारी आला. सगळ्यांची तोंडं काकूंनीच चालवली. पोरगं मात्र गोगलगायच राहिलं. काकूंचा त्याच्यावर जीव जडला होता. अशा माणसाचं जगात कसं व्हायचं?

आणि एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. काकू बोलायला लागल्या की तो हळूच लेकीकडे बघायचा, आणि लेक त्याच्याकडे. असं आहे होय, काकू मनात म्हणाल्या. आणि हा शहाणा विचारणार कसा, खुणेने?

शेवटचा डाव आला. नदीच्या दोन काठांवर दोन सैन्यं उभी होती. राजदूताने राणीचं मन वळवलं नाही, तर युद्ध अटळ. तो उभा राहिला.

“महाराणी...” म्हणाला आणि थांबला. मग खांदे पाडून खाली बसला. “नाही जमत, काकू. नुसता फासा टाकू का?”

“खबरदार!” काकू ताडकन उठल्या. “महाराणी, त्या काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी दाराकडे डोळे लावून बसलं आहे. तुमची पोरं आणि त्यांची पोरं याच नदीचं पाणी पिऊन वाढली. आज तुम्ही हुकूम दिलात, तर उद्या ते पाणी कोणाला तोंडाला लावता येणार नाही. माझ्याकडे तलवार नाही, सैन्य नाही. चार शब्द आहेत, तेवढे घेऊन आलो आहे. ते ऐका, आणि मग काय करायचं ते खुशाल करा!”

खोली त्या आवाजाने भरून गेली. फाशाला कोणी हात लावला नाही. लेक ओंजळीत तोंड लपवून हुंदके देत होती.

हीच वेळ, काकूंनी ओळखलं. त्या राजदूताच्या कानाशी वाकल्या. “आता तू बोल. राणीशी नाही, हिच्याशी. मनात काय आहे ते एकदाचं सांगून टाक. मी चहा टाकते. मला काही ऐकू येत नाही.”

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नळ सोडला, भांडं भरलं, आणि गॅस न पेटवताच दाराआड उभ्या राहिल्या. बोल रे बाबा. अडखळ, पण बोल.

बाहेरून आवाज आला, स्वच्छ आणि सराईत. “रडू नका, ताई. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर काकू आज पहिल्यांदा न अडखळता सलग बोलल्या. वाचा-उपचाराची माझी इतकी वर्षं झाली, पण मी तुम्हाला पहिल्या दिवशी म्हणालो तेच खरं: यांना बोलायला शिकवू नका, यांना शिकवायला कोणीतरी द्या.”