उलटं रीळ

पडद्यावर मोतीरामचा हात चेंडूला लागला आणि जठारपेठेतल्या शाळेचा हॉल एकदम गप्प झाला.

चार वर्षं ज्या गोलसाठी अकोला भांडत होतं, तो गोल चक्क हाताने ढकललेला होता. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. त्यात कोणाला कोणाचं तोंड दिसलं नाही, हे बरंच झालं. प्रेक्षकांत बसलेला मोतीराम कधी उठून गेला तेही कळलं नाही.

पहिल्या रांगेत जानराव ड्रिल मास्तर बसले होते. अमरावतीच्या त्या फुटबॉल फायनलला रेफरी तेच. शेवटच्या मिनिटाला त्यांनी शिट्टी मारली, गोल नाकारला आणि अकोला हरलं. मास्तर स्वतः अकोल्याचे! मग शिव्या आल्या, दगड आले आणि एक सोड्याची बाटली आली. तिने मास्तरांचा डावा डोळा घेतला. गाव म्हणालं, आंधळा तर आधीच होता, आता नुसता शिक्का बसला. जिभेला हाड नसतं.

डोळ्यापेक्षा मास्तरांना दुसरंच टोचत होतं. आपलीच चूक असली तर? अकोटच्या एका डॉक्टरांनी हौसेने तो सामना कॅमेऱ्यात घेतला होता, पण रीळ दाखवायचं मशीन त्यांच्याकडे आत्ता कुठे आलं.

या चार वर्षांत मास्तरांच्या पाठीशी एकटे खुशालराव उभे राहिले, अकोल्याच्या क्लबचे अध्यक्ष. त्या दिवशी मास्तरांना उचलून दवाखान्यात त्यांनीच नेलं. बाटली परतवाड्याच्या कोण्या टवाळाने मारली, हेही त्यांनीच शोधून काढलं. माणूस मनाने मोठा, उंचीने मात्र बेताचा. प्रत्येक सामन्याला घरून खुर्ची न्यायचे आणि तिच्यावर उभे राहून बघायचे. लोक हसायचे, तेही हसायचे. आज मात्र जुनं कशाला उकरता, असं ते सकाळपासून म्हणत होते. मास्तरच अडून बसले.

आता मास्तरांनी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"भाऊ, मी बरोबर होतो. डोळा वाया नाई गेला."

पडद्यावर रीळ पुढे चाललंच होतं. मास्तर डोळा धरून पडले, गर्दी मैदानात घुसली. खुशालराव घाईने म्हणाले, बस झालं, बंद करा.

"थांबा," मास्तर म्हणाले. "डॉक्टरसाहेब, जरा उलटं फिरवा. मोतीरामचा हात मले पुन्हा पाहू द्या."

डॉक्टरांनी मशीन उलटं फिरवलं. गर्दी पाठमोरी पळत रेषेबाहेर गेली आणि हॉलमध्ये हशा पिकला. पडलेले मास्तर आपोआप उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडापासून एक बाटली उन्हात चमकत निघाली, लोकांच्या डोक्यांवरून मागे मागे गेली आणि एका उगारलेल्या हातात अलगद जाऊन बसली.

हशा थांबला. मास्तरांच्या मुठीतला हात थंडगार पडला होता.

पडद्यावरच्या त्या सगळ्या गर्दीत खुर्चीवर उभा असलेला माणूस एकच होता.